उसने हात

रविवारी सकाळी ठेचा कुटता कुटता प्रणिता येडगेनं आपल्या नवऱ्याचा जबडा मोडला.

भांडण नव्हतं की तंटा नव्हता. उलट बिचारा सयाजी लाडात आला होता. आई बाहेर शेळ्यांना पाला टाकतेय, घरात दोघंच आहोत, असा मोका साधून तो पावलं न वाजवता मागून आला आणि बायकोच्या ओढणीची पाठीवरची गाठ धरून त्यानं तिला आपल्याकडे ओढलं. लग्न झाल्यापासून त्याचा हा नेहमीचा चाळा होता. ती दर वेळी "सोड की, आत्या बघतील" म्हणायची आणि हसायची. सासूला ती आत्या म्हणायची.

या वेळी ती काही म्हणालीच नाही. तिचा डावा पाय मागं सरकला, डावं कोपर त्याच्या बरगडीत घुसलं, आणि तो कळवळून वाकतोय तोच तिच्या उजव्या हातातला लोखंडी बत्ता खालून वर आला. काड्कन आवाज झाला. सयाजी मडक्यांच्या उतरंडीवर कोसळला. तोंडातून रक्ताची धार, आणि त्या रक्तात पांढरं काहीतरी. दात होता तो.

प्रणिता बत्त्याकडे बघत उभी राहिली. खरं सांगायचं तर, मारून झाल्यावर तिला कळलं की आपण मारलं. राग आला नव्हता, भीती वाटली नव्हती. हातानं आपलं काम उरकलं होतं आणि आता तो पुन्हा शांत होता.

आत्या धावत आत आल्या. "आगं सटवे! आगं काय केलंस ह्ये माझ्या लेकराचं?"

"आत्या, मी नाही... माझा हात..."

"तुझा न्हाई तर कुणाचा गं हात?"

प्रश्न रागातला होता, पण बरोबर होता. त्याचं उत्तर मिळेपर्यंत आणखी रक्त सांडायचं होतं.

*

वाघजाईच्या पठारावर त्या काळात पवनचक्क्यांचं रान माजलं होतं. कोळसा जवळपास बंद झालेला, जो तो वाऱ्यावर वीज करायला निघालेला. चक्क्या उभ्या करणं सोपं, त्या चालत्या ठेवणं अवघड. प्रत्येक चक्कीत हजारो बोल्ट असतात. ते ठरावीक ताकदीनं आवळावे लागतात. कमी आवळले तर पातं सुटतं, जास्त आवळले तर बोल्ट तुटतो. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, उंचावरची वीज, दोरांवरचं काम, हे सगळं शिकायला नव्या तंत्रज्ञाला पूर्वी तीन महिने लागायचे. पठारावरच्या प्रशिक्षण केंद्रात खंडेराव घोरपडे मास्तर ते शिकवायचे, शिव्या देत देत. सयाजी त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

मग हातोटी आली. मशीनचं खरं नाव लांबलचक होतं, पण पठारावर सगळे हातोटीच म्हणायचे.

आता बघा, माणूस सायकल शिकतो तेव्हा नेमकं शिकतं कोण? डोकं शिकत नाही. डोक्याला विचारलं, तोल कसा सांभाळतोस, तर त्याला सांगता येत नाही. शिकतो तो मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू. पुन्हा पुन्हा केलेली हालचाल तो गिरवून ठेवतो आणि मग विचार न करता तीच हालचाल हुबेहूब काढून देतो. हातोटी बनवणाऱ्यांनी ओळखलं की हे गिरवलेलं एकाकडून घेऊन दुसऱ्याला देता येईल. त्यांनी घोरपडे मास्तरांच्या डोक्यावर एक टोपी आणि दोन्ही हातांवर बारीक तारांच्या बाह्या चढवल्या. आठ महिने मास्तर त्या घालूनच काम करत होते. कुठला स्नायू कधी आखडला, मेंदूत कुठे काय चमकलं, सगळं साठवलं गेलं. मग शिकाऊ पोरांना अर्धवट झोपेत टेकवून तशाच टोप्या-बाह्या चढवायच्या. टोपीतून चुंबकाचे हलके ठोके लहान मेंदूला बसायचे, त्याच तालात बाही हात हलवायची. सहा बैठका. सहाव्या बैठकीनंतर पोराच्या हातात पाना द्यायचा.

प्रणिताच्या हातात पाना दिला तेव्हा ती रडली होती, आनंदानं. आयुष्यभर शेळ्यांची धार काढलेले ते हात बोल्टवर पाना असा बसवत होते की जणू दहा वर्षं हेच करताहेत. बोल्ट आवळून झाला की नखानं त्यावर दोन टिचक्या मारायच्या, ही मास्तरांची सवय. आता सगळी तुकडी टिचक्या मारायची. पोरंपोरी हसून म्हणायची, आपण सगळी मास्तरांची लेकरं.

मास्तर मात्र हसायचे नाहीत.

*

सयाजीला कराडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. महिनाभर बोलायचं नाही, चावायचं नाही, नुसतं पातळ प्यायचं. उलटी झाली तर जीव गुदमरेल, म्हणून तार कापायची छोटी पक्कड त्याच्या गळ्यात दोरीनं अडकवून दिली.

प्रणिता खाटेशी गेली तेव्हा त्यानं मोबाइलवर लिहून दाखवलं: "काय चुकलं माझं?"

ती हमसून हमसून रडली. तिला सांगता येईना. आत्यांनी तिला दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं. "माझ्या पोराच्या वाऱ्याला उभी राहू नगंस." गावात तर काय विचारता! येडग्यांच्या सुनेनं नवऱ्याला बत्त्यानं हाणला, ही बातमी एसटीच्या आधी पाटणला पोचली होती.

ती केंद्राच्या खोलीवर राहायला गेली आणि भिंतीला पाठ लावून झोपायला लागली. पण पोरगी डोक्यानं तल्लख. ती स्वतःला न्याहाळत राहिली. एसटीत एका म्हातारीनं मागून तिची पिशवी ओढली. काही झालं नाही, हात रिकामे होते. पण कार्यशाळेत हातात पाना असताना रेश्मा मुलाणीनं गमतीनं तिच्या पाठीचा पट्टा ओढला आणि कोपर निघालंच. रेश्मा एक पाऊल लांब होती म्हणून बरगडी वाचली.

हातात लोखंड आणि पाठीमागून ओढ. दोन्ही एकदम आलं की हात सुटतो.

एवढं कळल्यावर तिनं हातातला पाना खाली ठेवला. कारण पाठीमागून ओढणं हा तर या धंद्यातला जुना रिवाज. दोर-पट्ट्यांचा जो साज अंगावर चढवतात, त्याला पाठीवर एक कडी असते. पडायची वेळ आली तर सगळा जीव त्या कडीवर. म्हणून वर जाण्याआधी जोडीदार मागं उभा राहायचा आणि कडी दोन हिसके देऊन ओढून बघायचा. याला तंत्रज्ञ लोक "पाठ बघणं" म्हणायचे. नव्या साजात कडीची तपासणी दिवाच करायचा. हिरवा लागला की चढा. म्हणून केंद्रात कुणी कुणाची पाठ बघितली नव्हती, आणि म्हणूनच इतके दिवस सगळं सुरळीत दिसत होतं.

शुक्रवारी तुकडीची पहिली खरी चढाई होती. आदल्या दिवशी सयाजीला घरी सोडलं होतं. सकाळी केंद्राच्या फाटकाशी त्याची जीप उभी. सुजलेलं तोंड घेऊन तो आईचा डोळा चुकवून आला होता. मोबाइल पुढं केला: "तुझ्या मागं उभा राहणारच. पण लांब."

"मरशील मेल्या," ती म्हणाली. "इथंच थांब. मला आधी मास्तरांना एक विचारायचंय."

*

मास्तर कार्यशाळेत होते. अंगावर साज, हातात पाना, पाठ भिंतीला. प्रणिताच्या आता ध्यानात आलं की या माणसाला भिंत सोडून उभं राहिलेलं तिनं कधी बघितलंच नव्हतं.

"मास्तर, तुम्ही आम्हाला दिलेल्या हातात बोल्टांशिवाय आणखी काय आहे?"

"कामाला लाग."

"मी नवऱ्याचा जबडा मोडलाय."

"ऐकलं. नवरा-बायकोच्या भांडणात मला ओढू नको." असं म्हणून ते पंपाची नळी उचलायला वळले. क्षणभर पाठ मोकळी झाली.

प्रणितानं टेबलावरचा पाना उचलला, दोन पावलं टाकली आणि डाव्या हातानं त्यांच्या पाठीची कडी धरून खाडकन ओढली.

मास्तरांचा डावा पाय मागं आला. कोपर आलं. ते कुठं येणार हे तिच्या अंगाला ठाऊक होतं, ती आधीच बाजूला झाली होती. मग खालून वर पाना आला, आणि तिचा हातही त्याच वाटेनं, त्याच वेगानं निघाला. दोन पाने हवेत एकमेकांवर आदळले. ठिणगी उडाली. तिचा हात खांद्यापर्यंत बधिर झाला. साठीचा माणूस आणि तेविशीची पोर समोरासमोर एकाच पवित्र्यात उभी होती.

"कुणी शिकवलं तुला हे?" मास्तरांचा आवाज फाटला.

"तुम्हीच की."

मास्तर मटकन खाली बसले. मग जे सांगितलं ते जमिनीकडे बघून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी चक्क्यांमधल्या तांब्याच्या केबली चोरणारी टोळी पठारावर फिरत होती. मास्तर एका टॉवरच्या टोकावर एकटेच काम करत होते. सामान वर ओढून घ्यायची पायाखालची झडप उघडी होती. टोळीतला एकजण वर आला, मागून त्यानं पाठीची कडी धरली आणि त्यांना झडपेकडे ओढायला लागला.

"पेपरात तर आलं होतं, चोर घसरून पडला," प्रणिता म्हणाली.

"मी मारला. पहिल्या घावातच त्याचा जबडा गेला होता. दुसरा मारायची गरज नव्हती, तरी मारला. मग गेला तो खाली. तुझ्याएवढाच असंल."

"तेव्हा बाह्या अंगावर होत्या?"

"होत्या. देवस्थळी मॅडमला हातापाया पडून सांगितलं, तेवढा दिवस काढून टाका."

*

देवस्थळी मॅडम म्हणजे हातोटी पठारावर आणणाऱ्या कंपनीच्या शास्त्रज्ञ. बाई दुष्ट नव्हत्या. आपल्या गणितावर त्यांचा फार विश्वास होता, एवढंच. प्रणिता मास्तरांना घेऊन केंद्रातल्या त्यांच्या खोलीत शिरली आणि तिनं सगळं सांगितलं.

"आठ महिन्यांची सरासरी आहे ती," त्या म्हणाल्या. "हजारो हालचाली. त्यात एका दिवसाचा काय पाड?"

"मॅडम, विंचवाला घाबरायला तुम्हाला तो किती वेळा चावावा लागतो?"

उत्तर त्यांना येत होतं, दुर्दैवानं दोन वर्षं उशिरा. बोल्ट आवळणं हजार वेळा गिरवावं लागतं. पण जिवावरचं संकट मेंदू एकदाच शिकतो. मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग आहे, तो भीतीच्या क्षणी जे घडलं त्यावर असा शिक्का मारतो की मागची-पुढची सगळी गिरवणी फिकी पडते. त्या शिक्क्याची सरासरी निघत नाही. मास्तरांचा तो एक क्षण चारशे पोरापोरींच्या हातात जसाच्या तसा उतरला होता, आणि त्यातली निम्मी देशभरच्या टॉवरांवर कामाला लागली होती.

"मग पुसा तो!"

"एकटा तो पुसता येत नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हातांचं सगळंच पुसलं जाईल. बोल्ट जातील, लिहिणं जाईल, कदाचित घास तोंडापर्यंत नेणंसुद्धा."

"तर निदान आजची चढाई थांबवा!"

मॅडमनी वायरलेस उचलला, आणि त्याच वेळी त्यातून किंकाळी ऐकू आली.

पहिली जोडी केव्हाच वर पोचली होती. अवधूत शेलार आणि रेश्मा मुलाणी. अवधूतच्या साजाचा हिरवा दिवा लागेना, म्हणून रेश्मानं आपल्या अकलेनं त्याची कडी ओढून बघितली होती. अवधूतच्या हातात मोठा पाना होता. "मॅडम, मी तिला मारलं," तो वायरलेसवर ओरडत होता. "खाली लटकतेय ती. माझा हात उघडत नाहीये, पाना सुटत नाहीये मॅडम!"

मास्तर उठेपर्यंत प्रणिता बाहेर धावली. सयाजी जीपला टेकून उभा होता. तिचं तोंड बघूनच त्यानं गाडी चालू केली.

*

टॉवरच्या आतल्या लिफ्टच्या पाळण्यातून वर जाताना दोघं एकमेकांकडे तोंड करून उभी होती. प्रणितानं त्याला सगळं सांगितलं, धापा टाकत, तुटक तुटक. चोर, झडप, मास्तरांचा घाव. सयाजीनं ऐकलं आणि तिच्या गालावर हात ठेवला. रविवारपासून पहिल्यांदा.

वर बसएवढा लांब लोखंडी डबा. त्यात यंत्रं, आणि मागच्या टोकाला सामानाची झडप सताड उघडी. एका कोपऱ्यात अवधूत बसला होता, उजव्या हातात रक्तानं माखलेला पाना, डाव्या हातानं उजव्याची बोटं उलगडायचा प्रयत्न करत. तो पोरगा ओकला होता आणि त्यातच बसला होता.

झडपेखाली रेश्मा. अंगाशी बांधलेल्या दोरानं तिला तोललं होतं, पण तो दोर झडपेच्या काठावर घासून अर्धा तुटला होता. डोकं फुटलेलं, एक खांदा जागचा सरकलेला, डोळे मिटलेले. वारा तिला गरागरा फिरवत होता. डब्यातल्या छोट्या क्रेनचा आकडा तिच्या साजात अडकवला की वर खेचता येणार होतं. पण त्यासाठी कुणीतरी झडपेतून कमरेपर्यंत खाली लोंबायला हवं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याला मागून धरायला हवं होतं.

सयाजी पुढं झाला. प्रणितानं त्याला मागं ढकललं. "डोकं खाली केलंस आणि उमासा आला तर गुदमरून मरशील. आणि तुझं वजन मला पेलायचं नाही. मीच जाते."

म्हणजे हातात लोखंडी आकडा, समोर उघडी झडप, आणि मागून कडी धरून ओढणारा माणूस. मास्तरांचा तो दिवस काडीचाही फरक न होता पुन्हा समोर उभा होता. दोघांनाही ते कळत होतं.

"सया, मी तुला मारणार. मला थांबवता यायचं नाही."

सयाजीनं मान हलवली. त्यानं तिच्या पाठीमागं जाऊन दोन्ही पाय यंत्राच्या पायथ्याला अडवले आणि कडी घट्ट धरली. ती पोटावर झोपून झडपेबाहेर सरकली. त्यानं ओढ दिली.

कोपर गेलंच. सयाजीच्या बरगडीवर बसलेला तडाखा तिला आपल्या हाडात जाणवला. तिचं सगळं अंग वळलं आणि आकडा धरलेला उजवा हात वर उठला. तिला दिसत होतं तो कुठं जाणार. सयाजीची कानशिलं उघडी होती. कडी सोडली तर ती खाली जाईल म्हणून तो हातही वर करणार नव्हता. ती हाताला सांगत होती, सोड, सोड, सोड रे भडव्या, आणि बोटं आणखी घट्ट मिटत होती. मास्तरांच्या हातानं त्या दिवशी लोखंड सोडलं नव्हतं.

झडपेचं दार शेजारी उभं होतं, जाड पोलादाचं, साखळीवर तोललेलं. प्रणितानं उजवं मनगट झटक्यानं झडपेच्या काठावर आपटलं, अंगाचा भार टाकून तिथंच दाबून धरलं, आणि डाव्या हातानं साखळीचा खटका ओढला.

दार पडलं.

ती इतक्या जोरानं ओरडली की खाली जीपजवळ पोचलेल्या मास्तरांनी कान झाकले. आकडा डब्यात पडला. दोन बोटं चामडीला लोंबत होती आणि तळहात उलटा झाला होता. अवधूत कोपऱ्यात लहान पोरासारखा रडायला लागला.

"दार उचल!" ती त्याच्यावर खेकसली. "रडतोस काय, उचल दार! पाना घेऊनच उचल!"

अवधूतनं खांदा लावून दार उचललं. तिनं डाव्या हातात आकडा घेतला आणि पुन्हा खाली झेपावली. हातात पुन्हा लोखंड होतं, मागून ओढ होती. कोपर पुन्हा मागं गेलं. सयाजीच्या घशातून तारेआडून घोगरा आवाज आला, पण कडी सुटली नाही. ती पुन्हा झेपावली, कोपरानं पुन्हा मारलं. त्याची बरगडी मोडल्याचं तिनं ऐकलं. शिव्या देत, रडत, ती त्याला "सोड" म्हणत होती आणि "सोडू नको" म्हणत होती. तो ऐकतही नव्हता. तो नुसता धरून होता.

किती वेळ असं चाललं कोण जाणे. मग एकदा तो ओढत असताना कोपर निघालं आणि अर्ध्यावरच थांबलं. पुढच्या वेळी नुसतं थरथरलं. तेवढ्यात वाऱ्यानं रेश्माला फिरवून जवळ आणलं, आणि प्रणितानं डाव्या हातानं, शेळ्यांची धार काढणाऱ्या आपल्या हातानं, वेडावाकडा का होईना, आकडा तिच्या साजात अडकवला.

*

रेश्मा वाचली. तिचा एक कान कायमचा गेला. प्रणिताची दोन बोटं काढावी लागली आणि उरलेली पुन्हा मिटतील याची डॉक्टरांना खात्री नव्हती. सयाजी त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर होता, छाती आवळून बांधलेली. आत्या दोन खाटांच्या मध्ये बसून दोघांनाही शिव्या घालत पेज पाजत होत्या.

देवस्थळी मॅडम आल्या तेव्हा ओळखू येत नव्हत्या, इतक्या सुकल्या होत्या. आणखी दोन टॉवरांवर रक्त सांडलं होतं, त्यातला एक पोरगा मेला होता. सगळ्यांना खाली उतरवलं होतं. पण खाली उतरवून भागणार नव्हतं. स्वयंपाकघरात, शेतात, गॅरेजात, लोखंड कुठं नसतं?

"टॉवरवर तुमच्या बाबतीत जे घडलं ते फार महत्त्वाचं आहे," त्या प्रणिताला म्हणाल्या. "भीती पुसली जात नाही. पण ओढ आली, पुन्हा आली, आणि दर वेळी पडण्याऐवजी कुणीतरी धरून ठेवलं, तर मेंदू त्यावर नवीन धडा गिरवतो. तुमच्या मेंदूनं तो गिरवलाय. मला तो टोपीतून घेऊ द्या. आठवड्यात चारशे जणांना देता येईल."

प्रणितानं बांधलेला हात उचलून दाखवला.

"मॅडम, त्याच दिवशी मी आणखी एक धडा शिकले. आपलाच हात दारात घालायचा आणि दार पाडायचं. भीतीत शिकले, एकदाच शिकले. तोही जाईल ना चारशे जणांत?"

मॅडमनी उघडलेली वही मिटली.

"हे काम मशीनचं नाही," प्रणिता म्हणाली. "एकेकाच्या मागं माणूस उभं करा. ओढायचं, मार खायचा, सोडायचं नाही. रोज. फिटेपर्यंत."

"मार खायला कोण उभं राहील?"

"घरची राहतील. आई राहील, भाऊ राहील." तिनं शेजारच्या खाटेकडे बघितलं. "असले बिनडोक नवरे राहतील."

"आणि ज्यांना कुणीच नाही?"

"तुम्ही आहात की, मॅडम."

आत्यांचा पेजेचा चमचा तसाच हातात राहिला.

"घोरपडे मास्तरांना कुणी नाही," प्रणिता पुढं म्हणाली. "बायको गेली, लेकरू नाही. पोलिसांकडं जाऊन सगळं सांगून आलेत. खाली बाकावर बसलेत, भिंतीला पाठ लावून. दोन वर्षं झाली, त्यांच्या मागं कुणी उभं राहिलं नाही. त्यांच्यापासनं सुरू करा."

मॅडमनी सयाजीकडे वळून विचारलं, "फार लागतं?"

सयाजीनं बांधलेल्या जबड्यानं हो अशी मान हलवली.

मॅडमनी चष्मा काढला, घडी करून पर्समध्ये ठेवला, पर्स आत्यांच्या हातात दिली आणि त्या जिना उतरून खाली गेल्या.